जुन्या संगणकासाठी सीडी-डीव्हीडी रायटरची निवड

जुन्या संगणकास जोडण्यासाठी तबकडी लिहिणारे यंत्र, ज्याला बाजारात नुसते ‘रायटर’ म्हणतात, ते कसे निवडावे हा विषय विभागाच्या संशोधन-पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न होय. परंतु भाषा-साहित्याच्या विभागांतून आणि हौशी संग्राहकांच्या घरी २००० ते २००६ या काळात घेतलेले संगणक अद्याप कोपऱ्यात उभे असलेले आढळतात. ध्वनिफितींवरून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, बोलींच्या मुलाखती, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फाँटमध्ये जुळविलेले प्रबंध, अशी सामग्री त्यांच्या पोटात असते आणि कित्येकदा तिची दुसरी प्रत कोठेही नसते. ती चांगल्या तबकडीवर उतरली तर टिकते. वाईट तबकडीवर उतरली तर टिकल्याचा केवळ भास होतो, आणि त्या भासाच्या भरवशावर मूळ संगणक भंगारात जातो. यास्तव या साध्या खरेदीचा थोडा बारकाईने विचार करणे अस्थानी होणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सामग्री केवळ एका संगणकातून दुसऱ्यात न्यावयाची असेल, तर रायटर घेण्याचे मुळीच कारण नाही. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून ती आयडीई-यूएसबी जोडणीने नव्या संगणकास लावावी. अल्प खर्चात काम होते. रायटरची गरज निराळ्या प्रसंगी पडते. एखादा संगणक विशिष्ट उपकरणाशी किंवा जुन्या कार्डाशी बांधलेला असतो आणि तो उघडणे धोक्याचे वाटते, हा एक प्रसंग. दुसरा व अधिक महत्त्वाचा प्रसंग म्हणजे, एकदा लिहिले ते पुन्हा कोणास बदलता येऊ नये अशी प्रत हवी असणे. पेनड्राइव्ह दहा हातांतून फिरतो, त्यात व्हायरस शिरतो, घाईत कोणी तो कोरा करून टाकतो. सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर एकदाच लिहिली जाते. व्यवहारात हा तिचा दोष मानला जातो. अभिलेखाच्या दृष्टीने तोच तिचा गुण होय.

रायटर नेमके काय करतो हे ध्यानी घेतल्याशिवाय निवडीचा विचार पुढे सरकत नाही. कारखान्यात छापलेल्या सीडीवर सूक्ष्म खळगे साच्याने दाबून उठविलेले असतात. घरी लिहावयाच्या सीडीवर, जी जपानच्या तायो युडेन कंपनीने १९८८ मध्ये सिद्ध केली, खळगे नसतात. पारदर्शक प्लॅस्टिकवर चक्राकार चर, त्या चरावर रंगद्रव्याचा पातळ थर आणि त्यावर चकाकणारा धातूचा मुलामा, अशी तिची रचना असते. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्यात बदल होऊन काळपट ठिपके उमटतात, आणि वाचणारे यंत्र त्यांनाच खळगे समजून वाचते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. तरंग आखूड, म्हणून ठिपके लहान आणि ओळीही जवळजवळ. त्यामुळे सीडीवर जेथे ७०० मेगाबाइट मावतात तेथे साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात.

आता खरी गोम अशी की, प्रत्येक कारखान्याचे रंगद्रव्य सारखे नसते. कोणते किती तापवावे आणि किती काळ, हे तबकडीनुसार बदलते. म्हणून कोऱ्या तबकडीच्या चरातच तिच्या निर्मात्याचा संकेत कोरलेला असतो. रायटर तो संकेत वाचतो, फर्मवेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या अंतर्गत आज्ञावलीतील कोष्टकात तो शोधतो, तबकडीवर याच कामासाठी राखलेल्या छोट्या जागेत लेसरची शक्ती अजमावून पाहतो आणि मगच लेखनास आरंभ करतो. संकेत कोष्टकात नसेल, तर सर्वसाधारण अंदाजाने काम उरकतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. २००३ च्या रायटरला २०१५ च्या तबकडीची ओळख असणे शक्य नाही, निदान नंतर कोणी फर्मवेअर नवे केले असल्याखेरीज नाही. अमुक रायटर चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणून अर्धाच आहे. कोणत्या तबकडीबरोबर चांगला, असे विचारावयास हवे. आपल्याकडे स्थळ पाहताना एकाच बाजूची पत्रिका पाहून चालत नाही, तसलाच हा प्रकार आहे.

निवडीची पहिली पायरी मात्र याहून स्थूल आहे. ती म्हणजे तार. संगणकाचा बाजूचा पत्रा काढून आत पाहावे. चाळीस छिद्रांची रुंद, पट्टीसारखी केबल दिसली तर ती आयडीई जोडणी. बोटभर रुंदीची, सात संपर्कांची बारीक केबल दिसली तर ती सेटा. सेटा २००३ च्या सुमारास बाजारात रुळू लागली, आणि पुढे काही वर्षे दोन्ही जोडण्या एकाच मदरबोर्डावर नांदत होत्या. ज्या संगणकात सेटा आहे त्याच्या मालकाची चिंता बव्हंशी मिटली. त्याने पूर्ण उंचीच्या खणात बसणारा साधा सेटा डीव्हीडी रायटर घ्यावा. विजेचा जोड तेवढा तपासावा, कारण सेटाचा वीजजोड पंधरा संपर्कांचा असतो आणि जुन्या पॉवर सप्लायला तो नसल्यास छोटी जोडपट्टी आणावी लागते.

अडचण आयडीईवाल्यांची आहे. आयडीई रायटर आता नव्याने तयार होत नाहीत. मिळतात ते वापरलेले, नाही तर दुकानाच्या माळ्यावर राहिलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यास ते अजूनही हाती लागू शकतात. आयडीई रायटर बसविताना त्याच्या पाठीमागील जंपर ‘मास्टर’ अथवा ‘स्लेव्ह’ असा योग्य जागी लावावा लागतो. शक्य असेल तर ज्या हार्ड डिस्कवरून सामग्री उचलावयाची तिच्याच केबलवर रायटर ठेवू नये, कारण एका केबलवरील दोन यंत्रांना आळीपाळीने बोलावे लागते. केबल ऐंशी तारांची असावी; जुनी चाळीस तारांची केबल दिसायला तशीच असली तरी जलद देवघेवीस ती पुरी पडत नाही.

येथे विंडोज एक्सपीचा एक अवगुण सांगितला पाहिजे, कारण त्यापायी अनेक निर्दोष रायटर फेकले गेले असावेत. आयडीई वाहिनीवर देवघेवीत काही चुका झाल्या, त्यांची संख्या सहावर गेली, की एक्सपी त्या वाहिनीला डीएमए या जलद पद्धतीवरून पायरीपायरीने खाली आणते आणि अखेर पीआयओ या संथ पद्धतीवर टाकते. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जाऊ लागतो, लेखन रखडते आणि संगणक मलूल होतो. मालकास वाटते, रायटर बिघडला. उपाय सोपा आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती आयडीई वाहिनी काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा, एक्सपी तिची नव्याने नोंद घेते. चुका पुन्हा वाढू लागल्या तर केबल बदलावी.

सेटा रायटर आयडीई संगणकास लावण्याची जोडपट्टी स्वस्त मिळते, पण तिच्याविषयी सावधगिरी बाळगावी. अशा कित्येक पट्ट्या हार्ड डिस्कसाठी केलेल्या असून रायटरशी बोलताना अडखळतात. पीसीआय खाचेत बसणाऱ्या सेटा कार्डांचेही तसेच. काही कार्डांना तबकडीचे यंत्र मुळी ओळखताच येत नाही. दुकानदार परत घेण्यास राजी असेल तरच हा मार्ग धरावा.

राहिला यूएसबीचा मार्ग. बाहेरून जोडावयाचा पातळ रायटर आज सर्वत्र मिळतो आणि तो उद्या दुसऱ्या संगणकासही लावता येतो, हा त्याचा मोठा लाभ. मात्र जुन्या संगणकाची यूएसबी कोणती, हे आधी पाहावे. यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदास १२ मेगाबिट. प्रत्यक्षात त्यातून सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट जातो. डीव्हीडीची मूळ एकपट गतीच सेकंदास १.३८५ मेगाबाइट असल्याने तेथे डीव्हीडी सलग लिहिणे गणितानेच अशक्य ठरते. सीडी मात्र चौपट गतीने लिहिता येते. २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ने ही अडचण दूर केली. ती नसलेल्या संगणकात पीसीआय खाचेत यूएसबी २.० चे कार्ड बसवावे. दुसरी अडचण विजेची. यूएसबी २.० च्या एका तोंडातून ५०० मिलिअँपिअर वीज मिळण्याची हमी असते, आणि पातळ रायटरला लेखनाच्या ऐन वेळी त्याहून अधिक लागू शकते. वाचन उत्तम होते पण लेखन मध्येच तुटते, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा येथे असतो. दोन तोंडांतून वीज घेणारी दुहेरी केबल, किंवा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला रायटर, हा त्यावरील इलाज. विंडोज ९८ वर या यंत्रांसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि आजच्या रायटरबरोबर तो मिळत नाही. तेथे बाहेरील रायटरच्या नादी न लागता आतील आयडीई रायटरच शोधावा, हे बरे. जुन्या लॅपटॉपच्या मालकाने याच्या उलट करावे. त्याच्या आतील यंत्राची जोडणी आणि तोंडपट्टी दर नमुन्यागणिक निराळी असल्याने बाहेरील रायटरच सोयीचा.

तार ठरली की दुकानदार गतीचा आकडा पुढे करतो. वेष्टनावर ५२, २४, २२ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि ग्राहक त्यांकडे पाहून भाव करतो. वस्तुतः या आकड्यांस आपल्या कामी फारसे मोल नाही. सीडीची एकपट गती सेकंदास १५० किलोबाइट. ऐंशी मिनिटांची सीडी आठपट गतीने दहा मिनिटांत, सोळापट गतीने सुमारे पाच-सहा मिनिटांत होते. ५२ पट गतीही केवळ बाहेरच्या कडेशी गाठली जाते, सुरुवातीस नव्हे. वाचतात ती दोन-तीन मिनिटे. त्याउलट त्या गतीने तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. ती जराही असमतोल असली तर थरथरते आणि कडेकडील ठिपके अस्पष्ट उमटतात.

संगणक जुना असल्यास गतीचा आणखी एक तोटा आहे. रायटरमध्ये दोन मेगाबाइटचा साठा असतो असे समजू. सोळापट गतीने डीव्हीडी लिहिताना सेकंदास सुमारे २२ मेगाबाइट लागतात, म्हणजे तो साठा सेकंदाच्या एक-दशांशाहूनही कमी वेळात रिकामा होतो. तेवढ्यात हार्ड डिस्क थबकली की लेखन तुटते. पूर्वी अशा वेळी तबकडी सरळ वाया जाई. २००० मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ नावाची सोय आणली, तिच्यायोगे रायटर थांबून पुन्हा त्याच जागेवरून लिहू लागतो, आणि नंतर इतरांनीही तशा सोयी केल्या. त्यापूर्वीचा रायटर फुकट मिळाला तरी घेऊ नये. पण सोय असली तरी प्रत्येक सांधा म्हणजे एक शंकास्थान; सांधे जितके कमी तितके बरे. तेव्हा सीडी सोळापटीच्या आसपास आणि सोळापटीची डीव्हीडी आठपट गतीने लिहावी. अगदी किमान गती सर्वोत्तम, हा समजही बरोबर नाही. जलद लेखनासाठी केलेल्या रंगद्रव्यास अतिमंद लेखन मानवतेच असे नाही.

विश्वसनीयता म्हणजे काय, तर लिहिलेल्या तबकडीत चुका किती कमी. हे ऐकीव कीर्तीवर सोडण्याचे कारण नाही. ते मोजता येते. प्रत्येक तबकडीत काही चुका असतातच आणि वाचणारे यंत्र गणिताने त्या दुरुस्त करते. डीव्हीडीच्या प्रमाणानुसार सलग आठ दुरुस्ती-खंडांत पहिल्या पातळीवरील चुका २८० पेक्षा अधिक नसाव्यात. सीडीसाठी सदोष चौकटींची सरासरी सेकंदास २२० ची मर्यादा आहे. लाइट-ऑनचे अनेक रायटर ही संख्या कळवू शकतात आणि नीरो डिस्कस्पीडसारखी आज्ञावली तिचा आलेख काढते. वापरलेल्या रायटरांत लाइट-ऑनला पसंती द्यावी असे प्रस्तुत लेखकास वाटते, ते मुख्यतः या कारणाने. हे मापन निरपेक्ष नाही, कारण मोजणारे यंत्रही आपल्याच डोळ्याने पाहते. तरी एकाच यंत्रावर दोन तबकड्यांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे. मापनाची सोय नसेल तर साधी कसोटी घ्यावी. लिहिलेली तबकडी दुसऱ्या, शक्यतो जुन्या व कमकुवत यंत्रात घालून तीवरील सर्व फाइली उतरवून घ्याव्यात आणि मुळाशी ताडून पाहाव्यात. ज्या रायटरची तबकडी फक्त त्यालाच वाचता येते, तो रायटर कामाचा नाही.

वापरलेला रायटर पाहताना वरच्या पत्र्यावरील पट्टी वाचावी. तीवर निर्मितीचा महिना व वर्ष असते, आणि खरा निर्माताही बहुधा तेथेच कळतो. दर्शनी नाव एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे, हे या धंद्यात नित्याचे आहे. एलजीच्या नावाने विकला जाणारा रायटर, उदाहरणार्थ, हिताची-एलजी या संयुक्त कंपनीचा असतो. ट्रे चार-सहा वेळा आत-बाहेर करून पाहावा. तो अडखळत असेल तर आतील रबरी पट्टा सैल झालेला असतो. न वापरलेल्या, पण जुन्या यंत्राचाही पट्टा सैलावतो. ही दुरुस्ती किरकोळ आहे आणि तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. लेसर क्षीण झालेला असेल तर मात्र इलाज नाही. त्याची खूण अशी की यंत्र छापील सीडी वाचते, पण लिहिलेली डीव्हीडी ओळखण्यास फार वेळ घेते. शक्य तर दुकानातच एक तबकडी लिहून घ्यावी.

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांच्यातील जुना वाद आता संपला आहे. २००२ मध्ये सोनीने दोन्ही लिहिणारा रायटर आणला आणि पुढे सर्वांनी तोच कित्ता गिरविला. ब्लू-रे रायटर जुन्या संगणकासाठी घेऊ नये. किंमत अधिक, तबकड्या दुर्मिळ होत चाललेल्या, आणि सोनीने तर लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू अभिलेखास निरुपयोगी आहे. छापील सीडी किमान सत्तर टक्के प्रकाश परतविते, तर ही जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. जुनी यंत्रे तिच्यापुढे हात टेकतात.

तबकड्यांच्या बाबतीत काळ आपल्याला अनुकूल नाही. ज्यांच्या तबकड्या आदर्श मानल्या जात त्या तायो युडेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीचे २०१८ मध्ये अवसायन झाले. तिच्या तबकड्यांची न उघडलेली डबी कपाटात सापडल्यास आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु रंगद्रव्य न वापरताही जुने होते, म्हणून तिच्यातील एक तबकडी लिहून व तपासून पाहिल्यावाचून पूर्ण डबीवर विसंबू नये. नव्या खरेदीत व्हर्बॅटिमच्या तबकड्यांपासून आरंभ करावा. आधी पाच-दहा घ्याव्यात, आपल्या रायटरशी त्यांचे जमते का ते पाहावे, मग शंभराची डबी घ्यावी.

लेखनाच्या आज्ञावलीविषयी थोडक्यात एवढेच की, एक्सपीला सीडी स्वतःहून लिहिता येते, डीव्हीडी लिहिता येत नाही. त्यासाठी विनामूल्य मिळणारी इमगबर्न ही आज्ञावली पुरेशी आहे. तिची शेवटची आवृत्ती २०१३ ची असली तरी जुन्या संगणकास तीच योग्य, आणि लिहिल्यावर पडताळणी करण्याची सोय तीत आहे. तबकडी पेनड्राइव्हसारखी वापरू देणाऱ्या, फाइली ओढून टाकण्याच्या पद्धती टाळाव्यात. सर्व सामग्री एकत्र करून एकदाच लिहावी आणि तबकडी बंद करावी. बंद न केलेली तबकडी अन्य यंत्रांत अनेकदा कोरी दिसते.

मराठी सामग्रीपुरती एक विशेष सूचना. फाइलींची नावे देवनागरीत असल्यास ती जोलिएट पद्धतीने तबकडीवर लिहिता येतात, पण विंडोज ९८ ला देवनागरी ठाऊक नसल्याने तेथे त्यांचा चुरा होतो आणि फाइल उघडतही नाही. म्हणून नावे साध्या रोमन अक्षरांत द्यावीत आणि मराठी नावांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवावी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा युनिकोडपूर्व पद्धतींत टंकलेला मजकूर असेल, तर त्याच तबकडीवर तो फाँटही ठेवावा. फाँटवाचून तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग आहे. तबकडी निर्दोष असूनही आतला प्रबंध वाचता येणार नाही. त्याच मजकुराची पीडीएफ प्रत काढून ठेवल्यास अधिक चांगले.

लिहून झालेल्या तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. सीडीमध्ये धातूचा मुलामा वरच्या बाजूस, केवळ लाखेच्या पातळ थराखाली असतो. टोकदार बॉलपेनने नाव घातले तरी तो दुखावतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने थोडा अधिक सुरक्षित. मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर फक्त क्रमांक घालावा, आणि रायटरचे नाव, तबकडीचा संकेत, लेखनाची गती, तारीख व पडताळणीचा निकाल त्या क्रमांकाखाली एका वहीत लिहून ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी घालावी. दर दोन-तीन वर्षांनी वहीतील काही क्रमांक काढून ते निराळ्या यंत्रावर वाचून पाहावेत आणि चुकांची संख्या जुन्या नोंदीशेजारी मांडावी. ती चढू लागली की त्या खेपेच्या सर्व तबकड्या, अजून वाचता येत आहेत तोवर, नव्याने लिहून काढाव्यात.